रानात बसलेले सर

माझे मालक एम.ए. हुते, आन ते आमच्या रानात बसल्यात. बसल्यात म्हंजे खरंच बसल्यात. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत न्हाईत, आडवं बी करत न्हाईत. खड्डा खणायचा, खड्ड्याच्या एका अंगाला माणूस मावंल एवढा कोनाडा कोरायचा, त्यात मांडी घालून बसवायचं, हातात त्याच्याच गळ्यातलं लिंग द्यायचं, विभूती आन मीठ भरून माती लोटायची. आमच्या घराची आणखी एक रीत हाय, बसवायचं ते घराकडं तोंड करून. मेला तरी कर्त्या माणसाचं ध्यान घरावर पायजे. सासरे तसे बसल्यात, त्यांचे वडील तसे बसल्यात. म्हणून रोज सकाळी चहाची बशी घेऊन मी घराच्या अंगानं जायची, सरांच्याम्होरं ठेवायची आन दोन शब्द बोलायची. दोन कसले, चांगली भांडून यायची. जित्तेपणी भांडायला सवड कुटं दिली त्यांनी.

सर म्हणते मी त्यांना. गाव म्हणायचं म्हणून मी आधी चेष्टेनं म्हणायची, मग तीच सवय लागली.

गाव आमचं मंद्रूप, घर रानातच. मी मैंदर्गीची, घरात सगळं कानडी. लगीन होऊन आले तवा मला मराठी धड येत न्हवतं, आन नवरा मिळाला इतिहासात एम.ए. बापाची छाती फुगली हुती. जावई प्रोफेसर, असं मांडवात हरेकाला धरून सांगत फिरला बिचारा. प्रोफेसर कसले, सोलापूरला एका कॉलेजात तासिकेवर हुते. तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की बसा घरी. दर जूनला शर्टाला इस्त्री करून जायचे, औंदा कायम करत्यात म्हणायचे, आन परत तासिकेवरच घेतलं म्हणून यायचे. असं करता करता डोकं पिकलं. मग एका वरसी कॉलेजनं सांगितलं, तुमच्या विषयाला पोरंच न्हाईत, येऊ नका.

हातात खुरपं आलं. त्याची मला लाज न्हवती, मी शेतकऱ्याचीच पोर. लाज त्यांना हुती. बाजारात वांगी घेऊन बसायचे ते टोपी डोळ्यापतूर वढून. एकदा अझरुद्दीन आला. त्यांचाच विद्यार्थी, आता टेम्पो चालवतो, लई भला पोरगा. भर बाजारात वाकून पाया पडला आन मग इचारलं, सर, वांगी कशी दिली? ह्यात वाईट काय हुतं सांगा. पर सरांनी सगळी पाटी त्याच्या पिशवीत रिकामी केली आन उठून घरी आले. परत बाजारात बसले न्हाईत. तवापासनं बाजार माझ्याकडं.

मग रानात बोलायला लागले. तूर छातीला लागली की तिच्यात हुबं राहून तास घ्यायचे. "तर मुलांनो" म्हणून सुरू व्हायचे, ते शहरी मराठीत, मोट्या आवाजात, खुरप्याचा हात हवेत फिरवत. वाटंनं जाणारी माणसं थांबून हासायची. सर तुरीला शिकवायला लागल्यात म्हणायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेले ते थंडीत गेले. ज्वारीला पाणी देताना गारठले, छाती भरली, दवाखाना करून बी उतार पडला न्हाई. तापात हजेरी घ्यायचे. एकेक नाव घ्यायचे आन वाट बघायचे. आमची पोरगी शिवलीला तवा नुकती शाळंत जायला लागलेली, खाटंच्या पायथ्याला बसून दर नावाला "हजर, सर" म्हणायची. तिनं म्हणलं की म्होरलं नाव. एकदा ती पाणी आणायला आत गेली, तेवढ्यात सरांनी नाव घेतलं. उत्तर आलं न्हाई. ते वाट बघत राहिले, आन तितंच थांबले. मी जवळच बसले हुते की. मला काय ठाऊक, हजर म्हणायचं असतंय.

त्यांना न्हेलं तवा मी शुद्धीत न्हवते. बायकांनी मला घरात धरून ठेवली हुती.

ही झाली सरांची गोष्ट. आता पोरीची.

औंदा मिरीग कोरडा गेला. पेरा लांबला, आन पाऊस आला तो असा आला की तुरीच्या आधी गवातच वर आलं. बाया मिळंनात. मग मी, शिवलीला आन माझा दीर शिवानंद, तिघं सकाळपासनं पाठ वाकवून खुरपत हुतो. शिवानंद गावात राहतो, दोन्ही घरचं रान तोच बघतो. तोंडानं कमी, हातानं जास्ती असा माणूस हाय. काळ्या रानात ओल धरली की खुरप्याला माती चिकटती, दर दोन हातांवर ती नखानं काढायची. नखात चिखल, गुडघ्यात कळ, पाठीवर ऊन. असं चाललं हुतं तवा पोरगी म्हणाली, अव्वा, मला एम.ए. करायचंय.

बी.ए.ला पहिल्या वर्गात आली हुती, भूगोल घेऊन. मी पेढं बी वाटलं हुतं. मला वाटलं, झालं, सुटलो. माझी बहीण महेश्वरी सोलापुरात शुक्रवार पेठेत दिली हाय, तिच्या मालकांचं चादरीचं दुकान हाय. त्यांनी दुकानावर काँप्युटरचं काम सांगितलं हुतं. सावलीतलं काम, मावशीच्या घरात राहणं, उद्या एखादं स्थळ बी त्याच पेठेतनं यायचं. ह्याहून काय पायजे माणसाला?

मी खुरपं थांबवलं न्हाई. म्हणलं, एक एम.ए. पुरला ह्या घराला. ती म्हणाली, अप्पांचा काळ येगळा. मी म्हणलं, काळ तोच हाय, फकस्त शर्टाची इस्त्री महाग झाली. ती गप बसली. माझीच पोर ती, गप बसली म्हंजे सोडलं असं न्हवं. दिवसभर कुरकुर चालली. नोकरी कुटं लागती म्हणलं तर म्हणाली ठाव न्हाई. मग कशाला करायचं म्हणलं, तर खुरपं खाली ठेवून माझ्याकडं बघून म्हणाली,

"मला अप्पासारखं कायम व्हायला न्हाई जायचं, अव्वा. मला अजून कळून घ्यायचंय, एवढंच. पाणी कुटनं येतं, कुटं मुरतं, आपल्या हिरीला का लागत न्हाई. एवढंच."

"एवढंच म्हणायला तू काय कलेक्टरची पोर हाईस?"

शिवानंद लांब सरीत हुता, त्यानं मान वर केली न्हाई. मी त्याला बोलायला लावलं, सांग की हिला. तर म्हणाला, ह्यात मी पडणार न्हाई वैनी. अण्णाला शिकवायचं म्हणून मला शाळेतनं काढलं. मी व्हय म्हणलं तरी वाकडं, न्हाय म्हणलं तरी वाकडं.

दोन-चार रोजांनी भर दुपारी मी बांधावर भाकरी सोडत हुते. आन आवाज आला. "तर मुलांनो." माझ्या हातातनं चटणी सांडली. तूर अजून घोट्याएवढी, तिच्यात माणूस लपायला जागा न्हाई. बघते तर शिवलीला सरीत हुबी, पाठ माझ्याकडं, एकटीच बोलती. भीमा हिकडनं, सीना तिकडनं, असं काय तरी सांगत हुती, आन खुरप्याचा हात हवेत फिरत हुता. तोच हात. मनगट तसंच वळत हुतं. बापाचं बघून शिकली म्हणाल तर तिला आठवत बी नसंल एवढं. 

"बेडा!" मी वराडले. भ्याले की मला कानडीच सुचतं. नको, नको म्हणत मी पळत गेले आन तिचा हात धरून खाली वढला. ती दचकून बघत राहिली. मी म्हणलं, लोक बघत्यात. वाटंवर कुत्रं बी न्हवतं.

त्या दिवसापासनं माझी झोप गेली, जेवण गेलं. मला वाटायचं, ते गेलेच न्हाईत. हितंच बसल्यात, आन आता पोरीच्या तोंडातनं बोलायला लागल्यात. तिला बी तसंच करणार. केसं पिकस्तवर इस्त्री, आन मग तूर. शेवटी शिवानंदच म्हणाला, अण्णालाच इचारू. त्यो काय म्हणंल ते दोघींनी ऐकायचं. पोरगी बी व्हय म्हणाली.

सोमवारी कौल लावला. कौल लावायचा म्हंजे समाधीवरच्या हुब्या दगडाला दोन्ही अंगानं रुईची ओली फुलं चिकटवायची, इचारायचं आन वाट बघायची. बसलेल्याच्या उजव्या हाताचं फूल पडलं तर व्हय, डाव्या हाताचं पडलं तर न्हाय. सरांचं तोंड आमच्याकडं, म्हंजे त्यांचा उजवा हात आमच्या डाव्या अंगाला. आमी घराच्या अंगानं बसलो. शिवानंदनं फुलं लावली, दोन्ही हात जोडून इचारलं, अण्णा, पोरीनं एम.ए. करावं का?

वारं न्हवतं. चिलटं तोंडावर येत हुती. पाय मुंगीनं भरून गेला तरी मी हालले न्हाई. आन मग आमच्या उजव्या हाताचं फूल घसरलं, दगडावरनं खाली आलं, ओट्यावर पडलं. आमच्या उजव्या, म्हंजे सरांच्या डाव्या. न्हाय म्हणले सर.

काय सांगू, उरावरचा धोंडाच उतरला. इतकी वर्षं भांडले त्या माणसाशी, पर शेवटी माझ्या मनातलं बोलले. पोरीनं फुलाकडं बघितलं न्हाई. ती माझ्याकडंच बघत हुती. बराच येळ बघितलं, मग उठली, कपडं झाडलं आन म्हणाली, बरं. लगेच महेश्वरीला फोन लावला, म्होरल्या सोमवारपासनं येते म्हणाली. रडली न्हाई, रुसली न्हाई. राहिलेली तूर खुरपून देते म्हणाली आन तशी लागली बी कामाला.

मला वाटलं, झालं, आता गप बसतील सर.

गप कसले. उलट वाढलंच. मी एकटी सरीत असले की हजेरी चालू व्हायची. तुरीतनं न्हवं, वाऱ्यातनं न्हवं, कानाच्या आतनंच. नाव ऐकू यायचं न्हाई. नाव घेऊन वाट बघत्यात एवढं कळायचं. मी खुरपं आपटायची, मोट्यानं खोकायची, म्हणायची, ऐकलं की तुमचं, आता काय पायजे? तर परत तेच. नाव घ्यायचे आन थांबायचे. पोरगी पलीकडं मुकाट खुरपत असायची. एका शब्दानं बोलायची न्हाई आता, हात बी हवेत जायचा न्हाई. तेच पायजे हुतं की मला. पर तिची ती वाकलेली गप पाठ बघवत न्हवती.

शनवारी ती कपडं धुवायला घराकडं गेली तवा मी शिवानंदला सगळं सांगितलं. कौल पाळला, तरी का सोडत न्हाईत म्हणलं. तो उकिडवा बसून खुरप्याची माती नखानं काढत हुता. सगळी माती निघाली तरी काढतच राहिला.

"वैनी," म्हणाला, "अण्णाचं तोंड घराकडं न्हाय."

मला कळलंच न्हाई. मग त्यानं सांगितलं. त्या दिवशी खड्डा खणला, आन घराकडं तोंड येईल असा कोनाडा कोरायला घेतला तर त्या अंगाला खडक लागला. पहार बसंना, ठिणग्या उडाल्या. दिवस बुडायला आलेला, विधी करणारे स्वामी घाई करायला लागले, माणसं खोळंबलेली. समोरच्या अंगाला माती मऊ हुती. मग तिकडं कोरलं आन तिकडंच बसवलं. घराकडं पाठ, सडकंकडं तोंड. वरसानं गवंड्यानं ओटा बांधला तो रीतीपरमानं घराकडं तोंड धरून बांधला. कुणी बोललं न्हाई, कारण तोवर मी रोज त्या अंगाला चहा घेऊन बसायला लागले हुते.

म्हंजे इतकी वर्षं मी पाठीला चहा पाजत हुते. पाठीशी भांडत हुते.

आन कौल? मी मनातल्या मनात सरांना फिरवून बसवलं. पाठ आमच्याकडं केली. आमचा उजवा हात त्योच त्यांचा उजवा. उजवं फूल पडलं हुतं.

माझ्या हाताला ढेकूळ लागलं ते मी उचलून शिवानंदला मारलं. छातीवर फुटलं त्याच्या. तो हालला न्हाई. तुला ठाव हुतं, मग फुलं लावताना तोंडात काय धरलं हुतंस, मी इचारलं.

"दुकानातनं चार पैसं घरात येतील, एम.ए.ला रानातलेच जातील, असं आलं मनात." मग जरा थांबून म्हणाला, "आन मला शाळेतनं काढलं तवा माझ्यासाठी कुणी कौल लावला न्हवता, वैनी."

तो उठला आन बैलाला पाणी दावायला गेला.

मी समाधीच्या पलीकडच्या अंगाला गेले. त्या अंगाला कधीच कुणी जायचं न्हाई. कमरेएवढं गवात, बाभळीची पोरं उगवलेली. खुरप्यानं सगळं काढलं, हाताला काटं भरलं, मग जागा करून सरांच्या तोंडाम्होरं बसले. पहिल्यांदाच. पदर नीट केला, का ते इचारू नका.

तितनं घर दिसत न्हाई. सडक दिसती, सोलापूरची एसटी दिसती. मी म्हणलं, बरं हाय की, बसा बघत. जित्ते हुतात तवा बी ध्यान तिकडंच हुतं. लई बोलले. खोटं कशाला सांगू, शिव्या बी दिल्या. मग इचारलं, आता तरी सांगा, न्हाय म्हणला हुता की व्हय?

काईच आवाज आला न्हाई. ना हजेरी, ना "तर मुलांनो". तवा मला खरं भ्या वाटलं. कारण घराच्या अंगाला बसले की सर मला रोज उत्तर द्यायचे. पोरीला जास्ती बोलू देऊ नको म्हणायचे. लोक हासत्यात म्हणायचे. दुकानच बरं, असं बी त्यांनीच सांगितलं हुतं मला, चहाची बशी उचलताना, अगदी त्यांच्याच आवाजात. आन ते तर तिकडं तोंड करून बसलेले. मग इतकी वर्षं मला उत्तर कोण देत हुतं?

अंधार पडायच्या आत घरी आले. पोरगी बॅग भरत हुती.

कौलाचं खरं ठाव असणारी माणसं आता दोन. शिवानंद मरंस्तवर बोलला नसता. मी गप बसले असते तर पोरगी दुकानात गेली असती, सावलीत राहिली असती, दोन येळचं सुखानं खाल्लं असतं. एम.ए.ची किंमत काय, ते मला तवा बी ठाव न्हवतं आन आज बी न्हाई. ज्यानं केलं त्याचं काय झालं एवढं मी बघितलंय. आईनं ह्याहून काय बघायचं असतंय? आख्खा आयतवार मी तोंड शिवून राहिले. तिच्यासाठी शेंगाची चटणी कुटली, धपाटी केली. ती म्हणाली अव्वा, एवढं कशाला, सोलापूरलाच चाललीय. मी परत उखळात हात घातला.

सोमवारी सकाळी मी चुलीम्होरं हुते. ती न्हाऊन, येणी घालून आली, माझ्याजवळ बसली. दाराशी बॅग. मी भाकरी थापत हुते आन पीठ हाताला चिकटायला लागलं, भाकरी फाटली. फाटलेली भाकरी मी गोळा केली आन तिच्याकडं न बघता सगळं सांगून टाकलं. खडक, कोनाडा, पाठ, उजवं फूल. अप्पा व्हय म्हणले हुते म्हणलं.

मग मी बघितलं. तिला नवल वाटलंच न्हवतं.

"मला ठाव हाय, अव्वा. मी हुते की तितं. काकानं मला खांद्यावर घेतलं हुतं, मीठ माझ्या हातानं टाकायला लावलं हुतं. अप्पा सडकंकडं बघत हुते."

"मग त्या दिवशी बोलली का न्हाईस? फूल पडलं तवा?"

तिनं माझ्या हातातलं पीठ काढून परातीत ठेवलं.

"फूल पडलं आन तू हासलीस. अप्पा गेल्यापासनं मी तुला तसं हासताना बघितलं न्हवतं. म्हणलं, एवढ्यानं हासत असंल तर ऱ्हाऊ दे एम.ए."

तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला, मी उठले न्हाई. डोळ्यातनं जे चाललं हुतं ते धुरानं न्हवतं, आन मी ते पुसलं बी न्हाई. पिठाच्या हातानं तिची हनुवटी धरली आन तोंड माझ्याकडं वळवलं.

"तवा हासले म्हणून थांबलीस. आता रडतीय, हे बी नीट बघून घे. आन जा. दुकानात न्हवं."

ती बघत राहिली. मग उठली, दारातली चप्पल पायात घातली, बॅग उचलली आन सडकंकडं तोंड केलं.